पाणी आलं कधी, रेघ मारली कधी

गिटला, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला, काही सापडलं नाही तर ते बोलत नाही. ‘नाही सापडलं’ एवढंही म्हणत नाही. कमांड द्यायची, एंटर मारायचा, आणि खाली पुन्हा तोच कर्सर लुकलुकत उभा. नोव्हेंबर २०२१ मधल्या एका रात्री साडेदहाच्या सुमाराला मी त्या कर्सरकडं बघत बसलो होतो. मागितलं होतं एवढंच, की २२ जुलै ते २७ जुलै या दिवसांत या प्रोजेक्टात काय काय बदललं ते दाखव. गिटनं काहीच दाखवलं नाही.

आणि मला पक्कं ठाऊक होतं की त्या दिवसांत बदल झालेत. मीच केले होते. कळंब्यात आत्याच्या घरी, जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत बसून, लॅपटॉपची बॅटरी संपायच्या आत.

आमचं घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत. पंचगंगेला पाणी चढायला लागलं की आमच्या गल्लीत कुणी ‘पूर आला का’ असं विचारत नाही. ‘जामदार क्लबपर्यंत आलं का’ असं विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की इशारा पातळी, ४३ झाले की धोका पातळी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. जुलै २०२१ मध्ये पाणी दोन्ही पातळ्या ओलांडून पुढं गेलं आणि आम्ही गाठोडी बांधून आत्याकडं गेलो. लाइट नाही, नेट नाही. चहूकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण उपसा केंद्रंच पाण्याखाली. अशा वेळी शहाणा माणूस गप पडून राहतो. मी कोड लिहीत बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून. त्यात कर्तव्यदक्षता वगैरे काही नाही.

आमची कंपनी लहान. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर दोन खोल्या. साखर कारखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर करतो : उसाची नोंद, तोडीचा कार्यक्रम, वजनकाटा, आणि शेवटी बिल. बिल पंधरवड्याचं असतं. एक ते पंधरा तारखेपर्यंत आलेल्या उसाचं एक, सोळापासून महिनाअखेरपर्यंतचं दुसरं. हे लक्षात असू द्या, पुढं लागेल.

त्या रात्री फोन आला होता तो एका कारखान्याच्या ऊस बिल विभागातून. शिरोळकडचा एक शेतकरी काट्याच्या पावत्या घेऊन येऊन बसला होता. सोळा तारखेची खेप पंधराच्या बिलात कशी गेली, एवढाच त्याचा प्रश्न. क्लार्कनं आधी त्यालाच समजवायचा प्रयत्न केला. मग इतर बिलं काढून बघितली आणि आवाज उतरला. वाहतुकीच्या बिलात ती खेप सोळालाच होती आणि उसाच्या बिलात पंधराला. अशी एक नव्हती, बऱ्याच होत्या. सगळ्या मध्यरात्रीनंतरच्या.

मला कारण बसल्या जागी कळलं. कळलं म्हणजे पोटात खड्डा पडला. मुख्य काट्याच्या आणि बाहेरच्या केंद्रांच्या कॉम्प्युटरवर घड्याळाच्या सेटिंग वेगवेगळ्या होत्या, म्हणून वजनाची वेळ सगळीकडं जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये, साठवायची असं पुरात बसून मीच ठरवलं होतं. साठवणं बरोबर होतं. पण पंधरवडा पाडताना ती वेळ परत भारतीय वेळेत आणायला विसरलो. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढं. त्यामुळं रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत काट्यावर चढलेला प्रत्येक ट्रॅक्टर माझ्या हिशेबानं आदल्या दिवशीचा. हंगामात कारखाना चोवीस तास चालतो. दोन-अडीचला काट्यापुढं लागलेली रांग ज्यानं बघितली आहे त्याला हा घोळ केवढा ते सांगायला नको. शेतकऱ्याचे पैसे बुडाले नव्हते, ह्या बिलातलं त्या बिलात गेलं होतं. पण हिशेब म्हणून उभं राहणाऱ्या गोष्टीत ‘ह्यातलं त्यात’ याहून वाईट काय असतं?

तर दुरुस्ती करण्याआधी त्या दिवसांत आणखी काय काय बदललं होतं ते बघणं भाग होतं. एक ओळ सुधारली आणि तिच्यासोबतच्या तीन तशाच राहिल्या, असं नको. कमिटचा, म्हणजे बदलाच्या एकेका नोंदीचा, मजकूर शोधून काम भागलं असतं, पण मी मजकूर लिहिला होता ‘टाइम फिक्स’. बॅटरी अकरा टक्के असताना माणूस एवढंच लिहितो. आणि आमच्या प्रोजेक्टात ‘फिक्स’ नावाच्या नोंदींचं पीक खोडव्यासारखं आपोआप उगवतं. जाणकार म्हणतील, ब्लेम, म्हणजे कुठली ओळ शेवटची कुणी बदलली ते सांगणारी कमांड, का नाही लावलं? लावलं. पण ती फाइल मधे एकानं नव्यानं नीटनेटकी मांडली होती, त्यामुळं ओळीओळीवर त्या बिचाऱ्याचंच नाव. राहिली तारीख. तारखेनं शोधणं सगळ्यात सोपं, असं मला तोवर वाटायचं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना गिट म्हणजे काय ते सांगायला मला तात्यांचा आधार घ्यावा लागतो. तात्या म्हणजे वडील. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात त्यांनी दिवाणजी म्हणून जन्म काढला. त्यांच्याकडं दोन वह्या असायच्या. एक कीर्द : घडेल तसं, तारखेच्या ओळीनं, रोजच्या रोज. दुसरी खतावणी : त्याच नोंदी, पण माणसागणिक वेगळ्या काढलेल्या. गिटचा लॉग ही आमची कीर्द. त्याला एखाद्या फाइलचं नाव दिलं की तो फक्त तिच्या नोंदी काढून देतो, ती झाली खतावणी. कीर्दीत खाडाखोड चालत नाही, चुकलं तर उलट नोंद करायची. गिटमध्येही तसंच, त्याला रिव्हर्ट म्हणतात. मी हे तात्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग यात नवीन काय काढलं तुमी?” याला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

कीर्दीची पानं उलटून अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बघावं, तसे लॉगला दोन शब्द जोडता येतात : सिन्स म्हणजे ‘पासून’, अनटिल म्हणजे ‘पर्यंत’. त्यांनाच आफ्टर आणि बिफोर अशीही नावं आहेत, काम तेच. मी बावीस जुलै ‘पासून’ सत्तावीस ‘पर्यंत’ मागितलं होतं आणि पान कोरं निघालं होतं.

मग आठवलं की ते बदल मी तेव्हा फक्त माझ्या लॅपटॉपवर नोंदवून ठेवले होते. घर धुऊन, गाळ उपसून ऑफिसला गेलो तो सोमवार, ९ ऑगस्ट. त्या दिवशी सकाळी ते सर्व्हरवर चढवले. म्हणजे नऊ ऑगस्टपासून मागायला पाहिजे. मागितलं. यादी आली, पण दहा तारखेपासूनची, आणि तीही सगळी दुसऱ्यांच्या कामाची. माझं एकही नाही.

त्या रात्री मला खरोखर असं वाटलं की ते काम पुरात गेलं. आता हसू येतं. ज्या कोडमुळं फोन आला तो कोड कारखान्यात चालू होता, मग तो जाईल कुठं? पण रात्री अकराला माणूस असलंच काहीतरी डोक्यात घेऊन झोपतो.

सकाळी सव्वानऊला ऑफिसात आमच्या टीममधली एक मुलगी आधीच येऊन बसली होती. इचलकरंजीची आहे, आणि इकडच्या पोरींसारखी मी येतो, मी जातो असं बोलते. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “थांब की, तुझीच कमांड जशीच्या तशी चालवतो.” चालवली. नऊ ऑगस्टच्या त्याच यादीत आता आणखी चार नोंदी आल्या. माझ्याच. आणि त्यांच्यापुढं तारीख २३ जुलै, २४ जुलै.

मी ऑगस्ट मागितला होता, मिळाला जुलै. आणि रात्री जी कमांड माझ्या कामाबद्दल मुकी होती ती सकाळी बोलायला लागली. दोन भुतं एकदम.

पहिलं भूत लवकर उतरलं. ऑगस्टमधल्या त्या एका सोमवारासाठी आम्ही गिटला नुसती तारीख दिली होती, वेळ दिली नव्हती. आपण नऊ ऑगस्ट म्हणतो तेव्हा मनात तो दिवस मध्यरात्री सुरू होतो. गिटचं तसं नाही. वेळ सांगितली नाही तर ते आत्ताच्या घड्याळातली वेळ उचलतं. रात्री पावणेअकराला मी नऊ ऑगस्टपासून म्हटलं, तर ते नऊ ऑगस्टच्या रात्री पावणेअकरापासून बघायला लागलं. माझ्या नोंदी त्या दिवशी सकाळी अकराच्या. सव्वानऊला तिनं विचारलं तेव्हा त्या हद्दीच्या आत आल्या. म्हणजे ती रात्री माझ्यासारखी विचारत बसली असती तर तिलाही मिळालं नसतं, आणि मी सकाळी विचारलं असतं तर रात्रीची झोप गेली नसती. तारखेपुढं शून्य शून्य वाजले असं स्पष्ट लिहायचं, एवढाच त्यावरचा उपाय. तेव्हापासून मी लिहितो. लग्नपत्रिकेत मुहूर्त लिहितात तसा, मिनिटासकट.

(गिटचं हे तारीख ओळखणं तसं मजेशीर प्रकरण आहे. त्याला ‘यस्टरडे’ कळतं, ‘लास्ट फ्रायडे’ कळतं, ‘टू वीक्स अगो’ कळतं. ‘नून’ म्हणजे दुपारचे बारा हेही कळतं. आणि ‘टी’ असा शब्द दिला तर ते संध्याकाळचे पाच समजतं. कुणीतरी कोडमध्ये चहाची वेळ कायमची लिहून ठेवली आहे. आमच्याकडं पाच वाजेपर्यंत तिसरा कप होऊन गेलेला असतो, पण भावना पोचली. मी एकदा गंमत म्हणून सिन्सपुढं ‘रंगपंचमी’ लिहून बघितलं. चूक दाखवत नाही. न कळलेल्या शब्दाचा अर्थ ते ‘आत्ता’ असा घेतं. मग ‘आत्तापासून’ काय असणार, काही नाही. तेच ‘रंगपंचमीपर्यंत’ मागितलं तर सगळा इतिहास ओतून मोकळं होतं. मराठी अंकात तारीख लिहिली तरी गत तीच. न कळूनही मान डोलावणारी माणसं असतात ना, तसं.)

दुसरं भूत जास्त चिवट निघालं. गिटमध्ये प्रत्येक नोंदीला दोन तारखा असतात. हे मी कधीतरी वाचलं होतं, पण वाचणं आणि अंगावर येणं यात फरक आहे. लॉग पूर्ण रूपात मागितला, त्या पर्यायाचं नावच ‘फुलर’ आहे, की दोन्ही दिसतात. एक ऑथर डेट : ज्यानं बदल लिहिला त्यानं तो कधी लिहिला. दुसरी कमिट डेट : तो बदल आत्ता जिथं आहे तिथं, त्या रूपात, कधी नोंदला गेला. साधा लॉग आपल्याला पहिली दाखवतो. पण सिन्स आणि अनटिल चाळणी लावतात ती दुसरीला. दाखवायची एक आणि मोजायची दुसरी! कापडाच्या दुकानात असं केलं तर गिऱ्हाईक गज हिसकावून घेईल.

माझ्या नोंदी तेवीस-चोवीस जुलैला लिहिल्या गेल्या. मी पाण्यात अडकलेलो असताना पुण्यातल्या सहकाऱ्यांनी त्यांची कामं सर्व्हरवर चढवली. नऊ ऑगस्टला मी माझ्या नोंदी त्यांच्या कामावर नव्यानं बसवल्या, रिबेस केल्या. रिबेस म्हणजे जुनी पानं बाजूला ठेवून त्याच नोंदी नव्या पानावर पुन्हा उतरवणं. उतरवताना लिहिल्याची तारीख तशीच राहते, नोंदल्याची मात्र त्या दिवसाची होते. कमिट सुधारून पुन्हा केली, म्हणजे अमेंड केली, तरी असंच. एका शाखेतली नोंद उचलून दुसरीत लावली, चेरी-पिक केली, तरी असंच. त्यामुळं जुलैतलं काम जुलैत सापडणार नव्हतं, कितीही शोधलं तरी.

पोटात उघडून बघितलं तर ही तारीख म्हणजे नुसता एक आकडा असतो : १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले तो. माझ्या एका नोंदीत लिहिलेलं होतं १६२७०२९६००, आणि त्यापुढं अधिक ०५३०. म्हणजे तेवीस जुलै, शुक्रवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, आणि लिहिणारा माणूस भारतीय वेळेत बसलेला. तो आकडा मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो. दोन वाजून दहा मिनिटं. तेव्हा आत्या वरून ओरडत होती की भात गार झाला. जिन्याखाली मी होतो, तिचा स्टोव्ह होता, आणि आमच्या घरातून आणलेला देव्हारा पाटावर ठेवलेला होता. हे सगळं त्या दहा आकड्यांत नाही. पण दहा आकडे नसते तर मला ते आठवलं असतं का, हेही सांगता येत नाही.

दोन तारखा ठेवण्यामागं कारण आहे. लिनस टॉर्व्हाल्ड्सनं एप्रिल २००५ मध्ये गिट करायला घेतलं ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या कामासाठी. त्याआधी ते लोक बिटकीपर नावाची एक प्रणाली वापरायचे, ती फुकट मिळायची बंद झाली. लिनक्सचं काम जगभरातली माणसं करतात. बदल लिहिणारा कुठंतरी बसून ईमेलनं पाठवतो, आणि तो तपासून वहीत उतरवणारा वेगळाच असतो. कधी दुसऱ्या दिवशी उतरवतो, कधी महिन्यानं. लिहिणाऱ्याचं श्रेय त्याला, नोंदीची जबाबदारी नोंदणाऱ्याला. गिटच्या स्वतःच्या वहीतली पहिली नोंद ७ एप्रिल २००५ ची आहे, दुपारी तीन वाजून तेरा मिनिटांची, यूटीसीच्या सात तास मागं असलेल्या घड्याळातली. आपल्याकडं तेव्हा आठ तारखेची पहाट, पावणेचारला दोन मिनिटं कमी. त्याच क्षणाला कुणी सात म्हणेल, कुणी आठ. माझ्या यूटीसीच्या घोळाला निदान खानदान तरी मोठं आहे.

ऑथर डेटवर चाळणी लावायची असेल तर गिटमध्ये सरळ सोय नाही. मी करतो ते असं : लॉगला प्रत्येक नोंदीपुढं ऑथर डेट आखूड रूपात छापायला सांगतो आणि ती यादी ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडमधून गाळून घेतो, जुलैच्या विशीतल्या ओळी तेवढ्या. गावठी उपाय आहे, पण चालतो. त्या सकाळी त्यानं चार नोंदी बरोबर दाखवल्या, त्यातली एक मी साफ विसरलो होतो. तीही यूटीसीचीच होती. दुरुस्ती दुपारपर्यंत झाली, बिलं पुन्हा निघाली. शिरोळच्या त्या शेतकऱ्याच्या पावत्या अगदी बरोबर होत्या. त्यानं पावत्यांवर स्वतःच्या अक्षरात खेप निघाल्याची वेळसुद्धा मागं लिहून ठेवली होती म्हणे, पेन्सिलीनं. म्हणजे त्याच्याकडंही दोन तारखा होत्या. फडातून निघाल्याची एक, काट्यावर चढल्याची दुसरी. माझ्यापेक्षा त्याची वही चांगली होती.

आणखी एक गोष्ट त्याच हिवाळ्यात कळली. ऑफिसात एक जुना डेस्कटॉप होता, त्याच्या आतली घड्याळाची बटणबॅटरी संपलेली. लाइट गेली की तो थेट कुठल्यातरी जुन्या सालात जागा व्हायचा. एका शिकाऊ पोरानं त्याच्यावर बसून एक नोंद केली. झालं, त्यानंतर तारखेनं मागितलेल्या याद्या मधेच तुटायला लागल्या. गिट कीर्द शेवटच्या पानापासून मागं वाचत जातं, आणि मागितलेल्या तारखेहून जुनी नोंद लागली की त्या वाटेनं मागचं सगळं जुनंच असणार असं धरून वाचणं थांबवतं. एक खोट्या तारखेची नोंद आडवी पडली की तिच्या पाठीमागची खरी माणसं दिसतच नाहीत. पुढं २०२२ मध्ये, गिटच्या २.३७ या आवृत्तीत, न थांबता शेवटपर्यंत चाळणारा वेगळा पर्याय आला. आम्ही तोवर बॅटरी बदलली होती. तीस रुपयांत.

त्या आठवड्यात मी तात्यांना हे दोन तारखांचं प्रकरण सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आरं, सौद्याची तारीख येगळी आन् पट्टीची येगळी. आमी काय येडं होतो का?” मग उठून माळ्यावरनं लाल कापडी बांधणीची एक कीर्द काढली. २००५ च्या पुरात खालच्या फडताळातल्या वह्या भिजून त्यांचे लगदे झाले, वरच्या राहिल्या. पानावर वर श्री, खाली मिती, त्याच्यापुढं इंग्रजी तारीख. गुळाचा सौदा मंगळवारी निघाला, रवे मोजून पट्टी बुधवारी झाली, शेतकरी पैसे न्यायला बाजारच्या दिवशी आला. कीर्दीत पैसे दिल्याच्या तारखेला नोंद, आणि नोंदीच्या पोटात बारीक अक्षरात ‘सौदा ता.’ म्हणून मागची तारीख. त्यांनी त्या बारीक अक्षरावर बोट ठेवलं. “भाव कुटल्या दिवसाचा लावला ते हितनं कळतंय. भांडान झालं की मालक आदी हेच बघायचा.”

तात्यांची स्वतःची जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची आहे. पोराला शाळेत घालायला आणलं की गुरुजींनी अंदाजानं वर्ष धरायचं आणि एक जून लिहून टाकायची, म्हणजे शाळेच्या हिशेबाला सोपं. आजी सांगायची की तात्या झाले ते नागपंचमीच्या आदल्या दिवशी, पाऊस कोसळत होता, सुईण ओढ्यापलीकडं अडकली होती. आधारावर, पॅनवर, पेन्शनच्या कागदावर मात्र एक जून. जन्माची तारीख कुठंच नाही, गुरुजींनी वहीत घेतल्याची आहे. एक जूनला फेसबुकवर त्यांना शुभेच्छा येतात आणि ते सगळ्यांना मनापासून धन्यवाद म्हणतात.

आजोबा गेल्यावर वारसनोंद घालायची होती तेव्हा सातबाऱ्यापायी आम्ही बरेच हेलपाटे घातले. तेव्हा फेरफाराच्या उताऱ्यावर मी असलंच काही बघितलं होतं, पण तेव्हा अर्थ लागला नव्हता. तलाठ्यानं नोंद धरल्याची तारीख एक, नोटिशीची मुदत जाऊन मंडल अधिकाऱ्यानं ती प्रमाणित केल्याची दुसरी. आणि आजोबा गेले त्याची तिसरी.

पुराच्या दिवसांत आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बंधाऱ्याची पातळी दर तासाला यायची, फूट आणि इंचात. ती वाचायला शिकणं ही एक विद्याच आहे. मेसेजच्या कोपऱ्यात दिसते ती पोचल्याची वेळ. पातळी मोजल्याची वेळ आत लिहिलेली असते, आणि कधीकधी पुढं ढकलणाऱ्यानं ती ओळ कापलेली असते. सकाळी आठची पातळी रात्री दहाला कुणीतरी फॉरवर्ड करायचं, आणि एवढ्यात पाणी उतरलं म्हणून एखादा घराकडं निघायचा. उलटही व्हायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पाणी येऊन पुणे-बेंगळुरू हायवे बंद पडला होता, त्याचा व्हिडिओ २०२१ मध्ये ‘आत्ताचा’ म्हणून आमच्याकडं तीनदा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आत्यानं त्यातला एक फलक ओळखला आणि म्हणाली, हा तर गेल्या पुरात पडला की रे. तिची चाळणी गिटपेक्षा बरी.

घरी परत आलो तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ आपोआप उमटलेली होती. खाली काळपट, वर चुन्याचा पांढरा, मधे बोटभर जाडीची पिवळी कड. गाळाला एक वास असतो, तो फिनेलनं जात नाही, उन्हानं जातो, आणि ऊन तर पडत नव्हतं. आमच्या सोप्याच्या भिंतीवर आधीच्या दोन रेघा होत्या, २००५ ची आणि २०१९ ची, तात्यांनी ऑइल पेंटनं मारलेल्या. तिसरी मारली ती दसऱ्याच्या आधी, घर रंगवायला माणूस आला तेव्हा. रेघेपुढं तात्यांनी तारीख घातली २७-७-२१.

कमिट डेटचं सगळं समजल्यानंतर मी एकदा त्या रेघेपुढं उभा राहून त्यांना विचारलं, ही तारीख कसली?

“आपण परत आलो त्याची.”

“पण पाणी इथंपर्यंत आलं कधी?”

तात्या गप्प. आई आतनं म्हणाली, गंगावेसच्या कट्ट्यावर दुधाला म्हशी आल्या नव्हत्या त्या दिवशी. ती कोणती तारीख ते तिला माहीत नाही. पाणी सगळ्यात वर होतं तेव्हा आमच्या घरात कुणीच नव्हतं. शेजारचे काका माडीवर राहिले होते, त्यांनी ग्रुपवर एक फोटो टाकला होता. तो शोधून काढला. फोटोत आमचं दार अर्धं पाण्यात, आणि मेसेजची वेळ सकाळी सहा वाजून वीस मिनिटं, चोवीस जुलै. पण काका म्हणाले, फोटो काढला तेव्हा मिट्ट काळोख होता, बॅटरी मारून काढला, नेट आलं तेव्हा गेला. त्यांचा जुना फोन पुढं पाण्यातच पडला. मग २००५ च्या रेघेचं काय, असं मी विचारलं. तिच्यावर तर फक्त साल आहे. तात्या म्हणाले, “तवा एवढं कोन बगत होतं?”

दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्यांनी ब्रश घेऊन २७-७-२१ च्या मागं बारीक अक्षरात ‘परत आलो’ असं लिहिलं होतं. आणि डावीकडं, रेघेला लागून, ‘आलं’ लिहून पुढं वीतभर जागा सोडली होती. ती अजून मोकळी आहे. माझी मुलगी तिथं कधीमधी खडूनं फूल काढते.